४.४ गीगाहर्ट्झवर थांबले

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं एक दृश्य रेंडर व्हायला, म्हणजे त्याचं पक्कं चित्र तयार व्हायला, माझ्या मशीनवर ४४ मिनिटं लागायची. एकच फ्रेम: एक खोली, खिडकीतून आत आलेलं ऊन, टेबलावर काचेची बरणी. ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं की रेंडरचं सगळं ओझं प्रोसेसरवरच. नवं मशीन घेण्याइतके पैसे हातात नव्हते आणि लवकर येतील अशी चिन्हंही नव्हती. जे घरात आहे त्यातूनच जास्त काम काढायचं, एवढं ठरवून मी ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडे, वळले.

प्रोसेसर म्हणजे इंटेलचा कोअर आय५-२५००के. २०११ च्या जानेवारीत बाजारात आलेला, ३२ नॅनोमीटरचा, चार कोअरचा. मूळ वेग ३.३ गीगाहर्ट्झ, चारही कोअर कामाला लागले की टर्बो, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याची त्याची सोय, त्याला ३.४ वर नेतो, एकट्या कोअरवर काम असेल तर ३.७ पर्यंत. नावातला शेवटचा 'के' सांगतो की मल्टिप्लायर खुला आहे. वेग म्हणजे साधा गुणाकार: १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. ३४ ने गुणलं की ३.४ गीगाहर्ट्झ, ४४ ने गुणलं की ४.४. पूर्वी लोक बेस क्लॉकच वाढवायचे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए ६६ मेगाहर्ट्झऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालवला की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा; या विषयाची गोडी मला त्याच किश्श्यांनी लावली. माझ्या प्रोसेसरच्या, म्हणजे सँडी ब्रिजच्या पिढीत ती वाट जवळजवळ बंद झाली, कारण पीसीआय एक्स्प्रेस (कार्डांची जोडणी), साटा (डिस्कची जोडणी) वगैरे सगळं त्याच एका क्लॉकवर चालतं. तो दोन-चार टक्क्यांपलीकडे ताणला की हार्ड डिस्कपासून सगळंच डळमळतं. राहिला मल्टिप्लायर.

अडचण अशी की माझा मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा; चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप. त्यात मल्टिप्लायर वाढवायची सोयच नाही. म्हणजे खुला प्रोसेसर इतकी वर्षं माझ्या टेबलाखाली बांधून ठेवल्यासारखा पडून होता. हे कळलं त्या दिवशी मला खरंच हळहळ वाटली.

म्हणून पहिला खर्च बोर्डाचा. जुना, वापरलेला, पी६७ चिपसेटचा मिळाला. हा चिपसेट जुन्या बाजारात घेताना एक गोष्ट बघावीच लागते. त्याच्या पहिल्या खेपेत ३ गीगाबिटच्या साटा पोर्टांमध्ये दोष होता, वापरत गेलं की ते पोर्ट हळूहळू कमजोर व्हायचे. इंटेलने ३१ जानेवारी २०११ ला तो दोष जाहीर केला आणि नंतर सुधारित बी३ आवृत्ती आणली. मी बोर्डावर आणि खोक्यावर बी३ लिहिलेलं पाहूनच पैसे दिले. पी६७ मध्ये बोर्डावरून मॉनिटर जोडता येत नाही, ग्राफिक्स कार्ड लागतंच. माझं जुनं कार्ड तेवढ्यापुरतं कामी आलं.

बोर्ड बसवला, मशीन सुरू झालं, आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, रॅम दिसली ४ जीबी. लावली होती ८, चार-चारच्या दोन पट्ट्या. पट्ट्यांची अदलाबदल केली, एकेक करून लावून पाहिली. दोन्ही चांगल्या होत्या, पण एका बाजूच्या स्लॉटमध्ये कुठलीच पट्टी दिसेना. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे रॅमचा एक अख्खा चॅनल, म्हणजे एक मार्गच, गायब असेल तर पहिला संशय प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवर. प्रोसेसर काढला. १,१५५ बारीक पिना, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा होता, तो म्हणाला, "ताई, लाईट जरा आडवा धरतो, मग बघ." उजेड अगदी तिरका पडला तशी पिनांची टोकं ओळीत चमकायला लागली, शेतात एका वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेल्या ओंब्यांसारखी. त्या ओळीत एका ठिकाणी चमक नव्हती.

"ही बघ, ही एकटीच झोपली आहे," तो म्हणाला.

भिंग एका हातात आणि शिवणाची बारीक सुई दुसऱ्या हातात. पिन वर उचलायची नाही, तिच्या वाकाखाली सुई सरकवून शेजारणींच्या कलाशी जुळेपर्यंत किंचित किंचित ढकलायची. घाई केली तर ती तुटते आणि मग बोर्ड फेकूनच द्यावा लागतो. चार वेळा थांबले, हात टेकवून श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. अर्ध्या तासाने टॉर्चच्या उजेडात तिचं टोक बाकीच्यांच्या ओळीत आलं. प्रोसेसर पुन्हा बसवला, ८ जीबी दिसली. त्या रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून झोपले. सकाळपर्यंत एकही चूक नव्हती. वेगाला हात लावण्याआधी रॅम निर्दोष आहे हे ठरवून टाकलं ते बरं झालं, कारण पुढे काहीही बिघडलं तरी संशयितांच्या यादीतून ती बाद होती. ओव्हरक्लॉकिंगभर मी रॅम तिच्या साध्या १३३३ च्या वेगावरच ठेवली.

दुसरा खर्च कूलरचा. प्रोसेसरबरोबर आलेला छोटा कूलर मूळ वेगापुरता ठीक. त्याच्यावरची जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली तर काहीही न बदलता फुल लोडवरचं तापमान ११ अंशांनी उतरलं. ज्याच्याकडे पाच-सहा वर्षं न उघडलेलं मशीन आहे त्याने ओव्हरक्लॉकिंग करो वा न करो, एवढं तरी करावंच. मग १२० मिलिमीटरच्या पंख्याचा एक वापरलेला टॉवर कूलर घेतला. या पिढीत एक चांगली गोष्ट आहे. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आतल्या चिपला सोल्डरने जोडलेलं असतं, त्यामुळे उष्णता झटकन वर येते आणि कूलर चांगला असेल तर त्याचा फायदा पुरेपूर मिळतो. पुढच्या आयव्ही ब्रिजमध्ये त्या जागी पेस्ट आली.

टॉवर कूलर लावताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मूळ कूलरचा पंखा हवा खाली, बोर्डावर फेकतो. सॉकेटच्या कडेला प्रोसेसरला वीज पुरवणारे व्हीआरएमचे भाग असतात, त्यांना तीच हवा आयती मिळते. टॉवरचा पंखा हवा आडवी पाठवतो, आणि तो कोपरा कोरडा राहतो. पहिल्या चाचणीत प्रोसेसरचं तापमान झकास होतं, पण वीस मिनिटांनी व्हीआरएमच्या हीटसिंकवर बोट दोन सेकंदसुद्धा टेकवता येईना. जुन्या कॅबिनेटमधला ८० मिलिमीटरचा पंखा केबल टायने बांधला, त्या कोपऱ्याकडे तोंड करून, मंद वेगावर. बोट ठेवता येईल इतपत हीटसिंक निवळला. अख्ख्या कामात सगळ्यात कमी खर्चाची आणि बोर्डाचं आयुष्य वाढवणारी गोष्ट बहुधा हीच असेल.

पॉवर सप्लाय बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो तपासला. एका मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारांमध्ये मल्टिमीटर लावून फुल लोडवर व्होल्टेज पाहिलं. १२ व्होल्टच्या लाइनला एटीएक्सच्या नियमाप्रमाणे पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. माझं ११.६८ वर स्थिर राहिलं. हलत नाही, हे जास्त महत्त्वाचं. तेवढ्यावर त्याला ठेवून घेतला.

मग एक वही काढली. तारीख, मल्टिप्लायर, बायोसमध्ये दिलेलं व्होल्टेज, लोडवर सीपीयू-झेड या छोट्या प्रोग्राममध्ये दिसणारं व्होल्टेज, सगळ्यात गरम कोअरचं तापमान, चाचणी किती वेळ चालली, शेरा. पहिली ओळ मूळ वेगाची: ३४, लोडवर १.१९ व्होल्ट, रेंडर ४४ मिनिटं. ही ओळ नसती तर पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार होते?

सुरुवात व्होल्टेजला हात न लावता केली. ३८, ३९, ४०. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ अर्धा तास; हा प्रोसेसरला सतत जड गणितं करायला लावून तपासणारा प्रोग्राम. ४.० गीगाहर्ट्झ काहीही न मागता मिळालं, नुसत्या मल्टिप्लायरने. मला वाटतं, ज्याला फार खोलात शिरायचं नाही त्याने इथेच थांबायला हरकत नाही. मी पुढे गेले. ४२ वर व्होल्टेज हाताने ठरवायला लागले, आणि तिथे व्हीड्रूपची गाठ पडली. बायोसमध्ये १.३० लिहायचं आणि लोड आला की प्रत्यक्षात १.२५ च्या आसपास मिळायचं. चिपने जास्त करंट ओढला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, आणि तशीच त्याची रचना असते. पण मला ती गळती वाटली. लोड लाइन कॅलिब्रेशन नावाचा पर्याय ती भरून काढतो म्हणून तो मी जवळजवळ वरच्या टोकाला नेऊन ठेवला. ही चूक होती. ती कळायला तीन आठवडे गेले.

बिघडण्याचे प्रकारही वहीत लिहीत गेले. व्होल्टेज अगदी थोडं कमी असेल तर प्राइम९५ चा एखादा वर्कर (दर कोअरवर त्याचा एक चालतो) थांबतो, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं, असा संदेश देतो. म्हणजे प्रोसेसरने गणित चुकवलं. बाकीचे तीन वर्कर मजेत चालू असतात, मशीन बाहेरून धडधाकट दिसतं. मला याच अवस्थेची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण आपण आपलं काम करत राहतो आणि एखादी फाइल गुपचूप खराब होते. आणखी कमी असेल तर ब्लू स्क्रीन: कधी १०१, म्हणजे एखाद्या कोअरने वेळेत उत्तर दिलं नाही, कधी १२४, म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली. माझ्याकडे दोन्ही वेळा व्होल्टेज एक पायरी वर नेलं की भागत होतं. प्राइम९५ ची आवृत्तीही महत्त्वाची ठरली. सँडी ब्रिजबरोबर एव्हीएक्स नावाच्या, जड गणिताच्या सूचना आल्या आणि प्राइम९५ त्या २७ व्या आवृत्तीपासून वापरतो. जुन्या आवृत्तीवर रात्रभर टिकलेलं माझं एक सेटिंग नव्या आवृत्तीवर सात मिनिटांत कोसळलं. ब्लेंडरसारखं जड काम करायचं असेल तर नव्या आवृत्तीचाच निकाल धरावा, असं माझं मत झालं.

तीन आठवड्यांनी ४.४ गीगाहर्ट्झ जमलं. लोडवर १.२८ व्होल्ट, सगळ्यात गरम कोअर ६९ अंश. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९८ अंशांची, म्हणजे भरपूर जागा शिल्लक. प्राइम९५ बारा तास चाललं. रेंडर लावला: ३४ मिनिटं. ४४ ची ३४. गणिताने यायला हवी तेवढीच, पण घड्याळ लावून स्वतः पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून भावाला हाक मारली.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन गोठलं. रेंडर चालू नव्हता. ब्राउझरमध्ये एक लेख उघडा होता, मी तो वाचत होते, माउस हलेनासा झाला. ब्लू स्क्रीन नाही, काही नाही. रीस्टार्ट केलं, पुन्हा प्राइम९५ लावलं, चार तास निर्धोक. रात्री काही न करता मशीन चालू ठेवलं, सकाळी गोठलेलं. जड काम झेपतं आणि रिकामं बसणं झेपत नाही, हा काय प्रकार?

दोन दिवस मी रॅमवर, कार्डवर, पॉवर सप्लायवर शंका घेत राहिले. उत्तर वहीत होतं, फक्त मी तो रकानाच आखला नव्हता. रिकाम्या वेळचं व्होल्टेज मी कधी लिहिलंच नव्हतं. ठरावीक आकडा लिहिणं सोडून मी पुढे ऑफसेट पद्धत घेतली होती; तीत प्रोसेसर वेगाप्रमाणे स्वतः व्होल्टेज मागतो आणि आपण त्यात ठरावीक वाढ किंवा घट करतो. ४४ वर माझी चिप गरजेपेक्षा जास्त मागत होती, लोड लाइन कॅलिब्रेशनमुळे ते खाली बसतही नव्हतं, म्हणून १.२८ वर आणायला मी चांगली मोठी घट लावली होती. पण तीच घट रिकाम्या वेळीही लागू होते. काम नसताना प्रोसेसर १.६ गीगाहर्ट्झवर उतरतो, तेव्हा तो मुळातच एका व्होल्टच्या आत मागतो. त्यातून माझी घट वजा झाली की जगायला पुरेसं उरत नव्हतं. सीपीयू-झेड उघडून सगळे प्रोग्राम बंद केले आणि नुसती बघत बसले. ०.९१. मध्येच ०.९०.

उपाय उलटा होता. लोड लाइन कॅलिब्रेशन मध्यावर खाली आणलं, म्हणजे व्हीड्रूपला त्याचं काम करू दिलं. आता लोडवर व्होल्टेज आपोआप खाली बसायला लागलं, घट जवळजवळ काढून टाकता आली. लोडवर पुन्हा १.२८, रिकाम्या वेळी ०.९७. ज्याला मी गळती समजून बुजवत होते तोच मला हवा होता. वहीत नवा रकाना आखला आणि आधीच्या पानांवर त्याच्याखाली प्रश्नचिन्हं टाकली. त्यानंतर दोन रात्री मशीन मुद्दाम रिकामं चालू ठेवलं. पुन्हा कधी गोठलं नाही. आता कुणी मला विचारलं तर प्राइम९५ चे तास सांगण्याआधी मी विचारते, रिकामं किती वेळ चालवून पाहिलंस?

४.४ च्या पुढेही गेले, ते लपवत नाही. ४८ वर मशीन सुरूच होईना. काळा पडदा, पंखे फिरतायत. वीज काढून बोर्डावरचा सेटिंगं पुसणारा सीमॉसचा जंपर फिरवावा लागला आणि बायोसमधली सगळी सेटिंगं पुसली गेली. वहीमुळे दहा मिनिटांत परत भरता आली. ४७ साठी बायोसमधला पीएलएल ओव्हरव्होल्टेज नावाचा पर्याय चालू करावा लागला, आणि तो चालू केला की मशीन स्लीपमधून जागं होईना. ४६ मात्र नीट चाललं: १.३८ व्होल्ट, ८१ अंश, रेंडर साडेबत्तीस मिनिटं.

तो आकडा वहीत ४४ च्या ओळीखाली लिहिला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहत बसले. चिप जी वीज खाते ती वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. ४४ वरून ४६ म्हणजे वेग साडेचार टक्के जास्त. वीज मात्र १.३८ भागिले १.२८, त्याचा वर्ग, गुणिले वेगातली वाढ: सुमारे २१ टक्के जास्त. मूळ वेगाशी ताडलं तर ४.४ वर दीडपट, ४.६ वर सरळ १.८ पट. ती सगळी उष्णता त्याच जुन्या बोर्डातून, त्याच पॉवर सप्लायमधून जाणार, आणि यातलं काहीही जळलं तर बदली घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. मोबदल्यात काय, तर एका फ्रेममागे दीड मिनिट. भाऊ म्हणाला, "ताई, चालतंय तर राहू दे की ४६." त्याला मी दोन्ही ओळी दाखवल्या, आणि व्हीआरएमवर बोट ठेवायला सांगितलं. त्याने ठेवलं आणि लगेच काढलं.

४४ वर परत आले. सगळ्या चाचण्या थंडीत झाल्या होत्या आणि खोलीचं तापमान जितकं चढतं जवळजवळ तितकंच प्रोसेसरचंही चढतं, म्हणून उन्हाळ्यातल्या एका भर दुपारी पुन्हा प्राइम९५ लावलं. ७८ अंश, चार तास, चारही वर्कर चालू. रिकाम्या वेळी ०.९७. ही ओळ लाल शाईने लिहिली, त्या पानाचा फोटो काढला, आणि सेटिंगांची एक प्रत कागदावर उतरवून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवली. मग दृश्यातली बरणी जरा डावीकडे सरकवली आणि साठ फ्रेमचा रेंडर लावला. ३४ तासांनी साठही फ्रेम फोल्डरमध्ये होत्या.